ओपन सोर्स प्रोजेक्टची डॉक्युमेंटेशन साइट सुधारायचीय, सुरुवात कुठून करू?

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही चार जण मिळून एक छोटा ओपन सोर्स प्रोजेक्ट चालवतो, पाण्याची पातळी मोजायचं यंत्र. ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड, त्याला जेएसएन-एसआर०४टी हा वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरी सोडून अंतर मोजणारा), आणि दर दहा मिनिटांनी रीडिंग घेऊन वेबपेजवर दाखवणारं आमचं सॉफ्टवेअर. सुरुवात झाली ती खाजन शेतीसाठी. गोव्याबाहेरच्यांना सांगतो, खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन, ती भरतीच्या पातळीच्या खाली असते. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दार, भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतं. दार अडकलं किंवा लाकूड कुजलं की खारं पाणी आत शिरतं आणि शेताची वाट लागते. म्हणून दाराच्या आतली आणि बाहेरची पातळी घरबसल्या दिसावी एवढीच आमची इच्छा होती. आता लोक तेच यंत्र विहिरीला लावतात, सोसायटीच्या टाकीला लावतात, सावंतवाडीच्या बाजूला एकाने ओढ्यावर लावलंय.

कोड ठीक चाललाय. डॉक्स, म्हणजे डॉक्युमेंटेशन, मात्र लाजिरवाणे आहेत. थोडं कोडसोबतच्या रीडमी फाइलीत, थोडं गिटहबच्या (आमचा कोड जिथे ठेवलाय त्या साइटच्या) विकीवर, आणि दोन वर्षांपूर्वी एमकेडॉक्स ह्या साइट बनवायच्या टूलमध्ये केलेली ३८ पानांची साइट. एकच गोष्ट तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेली आहे. त्यातली कुठची खरी ते मलाच कधीकधी कोड उघडून बघावं लागतं.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात कॉलेजच्या एका मुलाचा मेसेज आला, बोर्ड गेला म्हणून. झालं काय, की हा सेन्सर ५ व्होल्टवर चालवला तर त्याच्या एको पिनवरून (परत आलेल्या आवाजाचा सिग्नल देणारा पिन) ५ व्होल्ट येतात आणि ईएसपी३२ च्या पिनांना ३.३ च्या वर चालत नाही, मध्ये १ के आणि २ के असे दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज उतरवावं लागतं. हे आमच्या साइटवर लिहिलेलं आहे, नाही असं नाही. पण जोडणीचा फोटो पानाच्या वर आणि ही सूचना चार स्क्रीन खाली, 'टिपा' नावाच्या मथळ्याखाली. पोराने फोटो बघितला, वायरी जोडल्या, करंट दिला. खाली कोण जातो. त्याने साधं विचारलं, "दादा, हे फोटोत का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बोर्डाचे पैसे मी देऊ केले, त्याने घेतले नाहीत, पण तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

टीममध्ये दोन मतं आहेत. एक जण म्हणतो सगळं मोडून डॉक्युसॉरसवर नवीन साइट करूया, छान दिसेल, लोक येतील. दुसरा म्हणतो स्फिंक्स घेऊया. दोन्ही एमकेडॉक्ससारखीच टूलं. मला वाटतं टूल बदलण्यातच पावसाळा जाईल आणि सूचना परत चार स्क्रीन खालीच राहील. पण मी काही डॉक्सवाला माणूस नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा, आधी काय करू? आणि मराठीत पण करावी का? कारण वापरणारे निम्मे आपलेच लोक आहेत.

फोंडा_टर्मिनल

टूलला हात लावू नका, निदान आता तरी. मी नोकरीतच डॉक्स लिहितो, आठ वर्षं झाली. तीनदा साइट एका टूलवरून दुसऱ्यावर नेलीय आणि तिन्ही वेळा शेवटी तोच जुना मजकूर नव्या रंगात दिसला.

तुमचा रोग मला दिसतो तो असा, की एका पानावर चार तऱ्हेची माणसं कोंबलीत. दानिएले प्रोचिदा यांची दियाताक्सिस नावाची मांडणी आहे, शोधून वाचा, फुकट आहे. त्यात म्हणणं एवढंच, की डॉक्स चार जातीचे असतात. पहिल्यांदा आलेल्याला हात धरून शेवटपर्यंत नेणारं ट्युटोरियल. ज्याला एक ठराविक काम करायचंय त्याच्यासाठी हाउ-टू. नुसती माहिती बघायला येतो त्याच्यासाठी रेफरन्स, कुठचा पिन, कुठची सेटिंग, किती मर्यादा. आणि हे असं का, ते समजावणारं चौथं. जँगो ह्या वेब फ्रेमवर्कचे डॉक्स कितीतरी वर्षं साधारण ह्याच धर्तीवर लावलेले आहेत, उघडून बघा म्हणजे कळेल.

आता तुमचं जोडणीचं पान घ्या (मी आत्ताच जाऊन बघून आलो). वरती फोटो, मग आवाजाचा वेग तापमानाने कसा बदलतो त्यावर दोन परिच्छेद, मग सगळ्या पिनांचा तक्ता, मग 'टिपा'. आवाजाच्या वेगाचं सुंदर लिहिलंय हो, दुपारी ऊन तापलं की रीडिंग का सरकतं ते मला पहिल्यांदा नीट कळलं, पण जो माणूस हातात वायर घेऊन बसलाय त्याला ते तेव्हा नको आहे. ते उचला आणि वेगळ्या पानावर ठेवा. तक्ता रेफरन्समध्ये. जोडणीच्या पानावर फक्त जोडणी, आणि रेझिस्टर हा टिपेत नाही तर स्वतः एक पायरी म्हणून आला पाहिजे, एको वायर जोडायच्या आधीची पायरी. सूचना म्हणून लिहिलेलं लोक वगळतात, पायरी म्हणून लिहिलेलं करतात.

आणि एक काम कराच. ज्याने तुमचं यंत्र कधी बघितलेलं नाही असा एक माणूस पकडा, त्याला बोर्ड, सेन्सर, लॅपटॉप आणि तुमची साइट द्या आणि मागे बसा. तोंड बंद ठेवायचं, हे सगळ्यात कठीण. तो कुठे थांबतो, कुठे मागे जातो, कुठे दुसरा टॅब उघडून बाहेर शोधायला जातो ते कागदावर लिहा. एका माणसात अर्ध्याहून जास्त चुका सापडतात असा माझा अनुभव आहे. ३८ पानं वाचून सुधारायला बसाल तर सहा महिन्यांनी पण पान नंबर ९ वरच असाल.

पेडणे_गिट

फोंडाबाबांचं बाकी सगळं मान्य, पण टूल बदलू नका हे सरसकट नको. आमच्या प्रोजेक्टात डॉक्स कोणी दुरुस्तच करत नव्हतं, कारण एक स्पेलिंग बदलायला आधी सहा गोष्टी इन्स्टॉल कराव्या लागायच्या आणि बदल केल्यावर पान कसं दिसेल ते मर्ज होईपर्यंत, म्हणजे बदल मूळ साइटमध्ये घेतला जाईपर्यंत, कळायचं नाही. रीड द डॉक्स ह्या होस्टिंगवर टाकलं, तिथे पुल रिक्वेस्ट (कोणी सुचवलेला बदल) आली की तिचा प्रीव्ह्यू तयार होतो, लिंक उघडून बघायची. तेवढ्याने लोक यायला लागले, एका रिटायर्ड काकांनी आमच्या चौदा पानांवरचं इंग्रजी सुधारून दिलं, ज्यांनी जन्मात गिट वापरलं नव्हतं, सगळं ब्राउझरमधूनच.

गिटहबने २०१७ मध्ये ओपन सोर्सवर सर्व्हे केला होता, त्यात ९३ टक्के लोकांनी सांगितलं की अर्धवट किंवा जुने झालेले डॉक्स ही सगळीकडे दिसणारी अडचण आहे, आणि तरीही ६० टक्के योगदान देणारे म्हणाले की आपण डॉक्समध्ये क्वचितच किंवा कधीच हात घालत नाही. माझं म्हणणं, लोकांना घालायचा नसतो असं नाही, दार सापडत नाही. प्रत्येक पानावर 'हे पान सुधारा' ची पेन्सिल आहे का तुमच्या? एमकेडॉक्सच्या मटेरियल थीममध्ये ती सेटिंगमधून चालू करता येते. म्हणजे टूल न बदलताही होईल, ते मात्र खरं.

मांडवीकाठ

पेन्सिल नव्हती. आत्ता चालू केली, पाच मिनिटं लागली. दोन वर्षं हे केलं नाही ह्याचं वाईट वाटतंय.

फोंडा_टर्मिनल, पायरी आणि सूचनेतला फरक वाचून एकदम डोक्यात बसला. जोडणीचं पान आज रात्रीच फोडतो.

बांधावरून

मी तुमचं यंत्र वापरणारा आहे, प्रोग्रॅमिंग येत नाही. शाळेत विज्ञान शिकवतो. चवथीच्या सुट्टीआधी नववीच्या मुलांना घेऊन आमच्या वाड्यावरच्या मानशीवर तुमचं यंत्र बसवलं, अजून चालतंय, तेव्हा पहिल्यांदा धन्यवाद. लिहू की नको असं झालं होतं, पण इथे चांगली चर्चा चाललीय म्हणून जे झालं ते सांगतो.

तुमची साइट आम्ही लॅपटॉपवर नाही, बांधावर उभं राहून मोबाइलवर बघितली. तिथे नेटवर्कची एक काडी असते, तीही वारा असेल तशी. जोडणीचं पान उघडायला घेतलं तर फोटो येईनात, नुसते पांढरे चौकोन. नंतर घरी वायफायवर बघितलं तेव्हा कळलं की फोटो कॅमेऱ्यातून काढले तसेच चढवलेत, एकेक चार चार एमबीचा. बांधावर आम्हाला जे दिसलं ते चौकोनाखालचं वाक्य, "वर दाखवल्याप्रमाणे जोडा." आणि वर तर काहीच नव्हतं.

दुसरं, लिहिलंय "लाल वायर ५ व्होल्टला". आमच्या किटात सगळ्या वायरी जांभळ्या आणि हिरव्या आल्या होत्या. मुलं विचारतात सर लाल कुठची. रंग लिहू नका, सेन्सरच्या पट्टीवर जे अक्षर छापलेलं असतं ते लिहा, ते सगळ्यांच्या सेन्सरवर असतं.

तिसरं, लॅपटॉपला बोर्ड जोडला, प्रोग्रॅम चढवायला गेलो तर "कनेक्टिंग" येऊन पुढे टिंबं टिंबं येत राहिली आणि मग लाल अक्षरात एरर. तुमच्या साइटवर ह्यावर एक शब्द नव्हता. दोन संध्याकाळ गेल्या. शेवटी एका मुलाच्या मामाने फोनवर सांगितलं की बोर्डवरचं बूट बटण दाबून धरा, टिंबं यायला लागली की धरायचं आणि पुढे गेलं की सोडायचं. झालं. त्याच्या आधी एक संध्याकाळ गेली होती ती केबलपायी, ती नुसती चार्जिंगची केबल होती, तिच्यातून डेटा जातच नव्हता, आणि लॅपटॉप बोर्ड ओळखत नव्हता. आणि वायफाय जोडेना, तर ते आमच्या राउटरचं ५ गीगाहर्ट्झवालं नाव मी देत होतो, ह्या बोर्डाला २.४ च लागतं.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. सेन्सर आम्ही बांधाच्या कडेला बसवला आणि दोन दिवस सगळं बरोबर. अमावास्येला उधाणाची भरती आली आणि आकडे वेडेवाकडे यायला लागले, पाणी वर चढतंय आणि यंत्र सांगतंय खाली गेलं. घाबरलो. मग शोधून कळलं की साधारण २० ते २५ सेंटीमीटरच्या आत पाणी आलं की ह्या सेन्सरला ते मोजता येत नाही. म्हणजे ज्या दिवशी यंत्राची सगळ्यात जास्त गरज, नेमकं त्याच दिवशी ते खोटं बोलणार! परत शिडी लावून सेन्सरचा वासा उंच केला. हे वाक्य तुमच्या साइटवर आहे, मी नंतर बघितलं, रेफरन्सच्या तक्त्यात एका ओळीत. पण वासा किती उंच ठोकायचा ते ठरवताना तो तक्ता कोण बघणार?

मुलांना बांधावर चिखलाच्या हातांनी मोबाइल धरता येईना म्हणून मी सगळं एका वहीत हाताने लिहून काढलं, सहा पानं झाली. त्यात पुढे मुलांनी कडेला स्वतः लिहिलंय, "केबल तपासणे", "बूट बटण!!", "पौर्णिमेच्या रेषेपासून दीड वीत वर". आता शेजारच्या वाड्यावर बसवायचं आहे तर ते लोक साइट बघत नाहीत, वही मागतात.

मांडवीकाठ

सर, तुमच्या ह्या पोस्टला काय उत्तर देऊ कळत नाही. तीनदा वाचली. बूट बटणाचं आम्हा चौघांना इतकं सवयीचं झालंय की ते लिहायची गोष्ट आहे हेच कधी सुचलं नाही. बोट आपोआप जातं.

वहीच्या सहा पानांचे फोटो पाठवाल का? मुलांनी कडेला लिहिलेलं कृपा करून खोडू नका, तेच हवंय.

फोंडा_टर्मिनल

मांडवीकाठ, तुमची नवीन साइट तुम्हाला मिळाली. ती सहा पानं म्हणजे तुमचं ट्युटोरियल, जसंच्या तसं टाइप करा, त्या क्रमाने.

सरांनी सांगितलेल्यातून एक शिकण्यासारखं, चुका त्यांच्या जागी लिहायच्या. टिंबं टिंबं येतात हे 'अडचणी' नावाच्या वेगळ्या पानावर तर हवंच, पण प्रोग्रॅम चढवायच्या पायरीच्या अगदी खाली पण एक ओळ हवी, "टिंबं येत राहिली तर बूट बटण धरा." आणि अडचणींच्या पानावर एररचा मजकूर स्क्रीनवर येतो तसाच अक्षर न अक्षर टाका, स्क्रीनशॉट नको. माणूस एरर कॉपी करतो आणि गूगलमध्ये टाकतो, तुमच्या चित्रातली अक्षरं कॉपी करता येत नाहीत.

२० सेंटीमीटरचं वाक्य तीन ठिकाणी आलं तरी चालेल. कोडमध्ये एकच गोष्ट दोनदा लिहू नये म्हणतात, पण वाचणारा माणूस एका वेळी एकाच पानावर असतो. आकडा बदलला तर तीन ठिकाणी बदलावा लागेल, बदला.

लिंकजोड_म्हापसा

पानं फोडायच्या आधी थांबा एक मिनिट!! जोडणीचं पान फोडलं की त्याचा पत्ता बदलणार ना? तो पत्ता कुठेकुठे गेलाय ते बघा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, कोणाच्या प्रोजेक्ट रिपोर्टात, यूट्यूब व्हिडिओच्या खाली. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की वेबवरचे पत्ते बदलू नयेत, आणि लोक अजून बदलतात. आमच्याकडे एका रात्रीत फोल्डरांची नावं 'नीट' केली आणि पुढचे तीन महिने लोक ४०४ वर ('पान सापडलं नाही') येऊन परत जात होते, कोणी सांगितलं पण नाही, ट्रॅफिक का पडलं ते बघताना सापडलं.

जुन्या पत्त्यावरून नवीनवर पाठवायची सोय आधी करा. साइट गिटहब पेजेसवर असेल तर तिथे सर्व्हरकडून रिडायरेक्ट होत नाही, जुन्या जागी एक छोटं पान ठेवावं लागतं जे पुढे ढकलतं, एमकेडॉक्ससाठी रिडायरेक्ट्सचं प्लगिन आहे ते हेच करतं, जुना पत्ता आणि नवा पत्ता अशी यादी द्यायची. मधल्या मथळ्यांच्या लिंका पण असतात, हॅशवाल्या, त्या प्लगिनने सुटत नाहीत, म्हणून मथळे शक्यतो तेच ठेवा.

विकी पूर्ण उडवू नका, प्रत्येक विकी पानावर एक ओळ ठेवा की हे आता अमुक ठिकाणी आहे. नाहीतर गूगल लोकांना विकीवरच पाठवत राहील आणि तिथे जुनं ज्ञान. तुमच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या अजून कोणी वापरत असेल तर त्यांचे डॉक्स ठेवा, पण वर ठळक पट्टी, "हे जुन्या आवृत्तीचं आहे, नवीन इथे."

आणि बिल्ड, म्हणजे मजकुरातून साइट तयार करायची पायरी, स्ट्रिक्ट करून टाका. एमकेडॉक्सला स्ट्रिक्ट सांगितलं की आतली एखादी लिंक तुटलेली असेल तर बिल्डच पडतो, चुकीचं पान वर जातच नाही. बाहेरच्या लिंका मात्र तो तपासत नाही, त्यासाठी लायची नावाचं टूल आठवड्यातून एकदा चालवा. दररोज नको, बाहेरच्या साइट कधीमधी उगाच बंद असतात आणि मग तुम्ही इशाऱ्यांकडे बघायचंच सोडून देता.

शब्दखूण_मडगाव

मराठीचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते. मी दोन ओपन सोर्स प्रोजेक्टांचं मराठी भाषांतर करते, रात्री पोरगी झोपल्यावर.

करावी का? हो, पण सगळी नको. ३८ पानं मराठीत आणाल आणि सहा महिन्यांनी इंग्रजी बदलेल, मराठी तसंच राहील, आणि मग मराठी वाचणाऱ्याचाच बोर्ड जळेल. हे मला अजिबात चालणार नाही. मराठीत चुकीचं असण्यापेक्षा नसलेलं बरं. म्हणून सरांची वही, म्हणजे ट्युटोरियल, आणि अडचणींचं पान, एवढंच मराठीत. रेफरन्सचे तक्ते इंग्रजीत राहू द्या, तिथे जाणाऱ्याला ते वाचता येतं.

भाषांतर शिळं झालं ते कसं कळणार हा प्रश्न आधी सोडवा. स्फिंक्समध्ये ह्याला चांगली वाट आहे, मजकूर वाक्यावाक्याने पीओ नावाच्या भाषांतराच्या फाइलींत जातो आणि मूळ वाक्य बदललं की त्या भाषांतरावर फझी (परत तपासा) अशी खूण पडते, मला लगेच दिसतं कुठे हात लावायचाय. एमकेडॉक्समध्ये भाषेचं प्लगिन वापरलं तर पानाशेजारी दुसरं पान असतं आणि मूळ बदललं तरी कोणी सांगत नाही. तेवढ्यासाठी टूल बदला असं म्हणत नाही मी. दोन-चारच पानं आहेत, तर मराठी पानाच्या वर लिहा की हे इंग्रजीच्या अमुक तारखेच्या मजकुरावरून केलंय, आणि इंग्रजी पान बदललं की पुल रिक्वेस्टमध्ये मला टॅग करा.

आता शब्दांचं. बटणावर स्क्रीनवर 'सेव्ह' असेल तर मराठी डॉक्समध्ये 'सेव्ह' च लिहा. मी सुरुवातीला 'जतन करा' लिहायची, तर एका बाईंनी मला विचारलं की ताई ते जतन कराचं बटण मला दिसत नाही. त्या बिचाऱ्या पूर्ण स्क्रीनवर ते शब्द शोधत होत्या. डॉक्समध्ये नुसतं सुंदर मराठी असून उपयोग नाही, हातातल्या स्क्रीनशी जुळणारं हवं. मेनू मराठीत आणाल तेव्हा डॉक्स पण त्याच दिवशी बदला.

तुमच्या आताच्या मराठी पानावर (एक आहे ना, अर्धवट) 'जलनियंत्रण द्वार' लिहिलंय. मानस लिहा हो! ज्याच्यासाठी लिहिताय तो मानसच म्हणतो. बाहेरच्यांना एकदा वर समजावून सांगा, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये सांगितलंत तसं. थ्रेशोल्डला 'इशारा पातळी'. कॅलिब्रेट करणेला मी काही भारी शब्द शोधला नसता, "पट्टीने मोजून आकडा जुळवून घ्या" लिहिलं की काम झालं.

अजून एक बारीक पण त्रासदायक. 'दुसऱ्या', 'बाहेरच्या किनाऱ्यावर' ह्यातला तो ऱ्य आहे ना, तो दोन तऱ्हेने टाइप होतो, काही कीबोर्डवर टिंबवाला ऱ घेऊन, काही कीबोर्डवर साधा र आणि मध्ये एक न दिसणारं अक्षर घेऊन. दिसायला हुबेहूब सारखे, पण कॉम्प्युटरला वेगळे. तुमच्या शोध पेटीत एकाने एका तऱ्हेने टाइप केलं आणि पानावर दुसऱ्या तऱ्हेने असेल तर "काही सापडलं नाही" येतं. बिल्डच्या वेळी एका छोट्या स्क्रिप्टने सगळे एकसारखे करून घ्या. आणि कमांडमध्ये, पिन नंबरमध्ये चुकूनही मराठी आकडे नकोत, लोक कॉपी करून चिकटवतात आणि ते चालत नाही. वाक्यात मराठी आकडे असू देत.

पेडणे_गिट

ऱ्य चं माहीतच नव्हतं. आमच्या साइटवर 'किनाऱ्या' शोधून बघितलं, पानावर आहे आणि सापडत नाही. धन्यवाद ताई.

बांधावरून

वहीचे फोटो पाठवले आहेत. पान चारवर डाग आहे तो चिखलाचा, अक्षर लागत नसेल तर विचारा. एक विनंती, ट्युटोरियल छापून घेता येईल असं करा, दोन-तीन कागदांत मावेल असं. बांधावर कागदच बरा पडतो, प्लास्टिकच्या पिशवीत घातला की झालं.

मांडवीकाठ

दहा दिवसांनी परत लिहितोय, कारण विचारून गायब होणं मला आवडत नाही.

फोंडा_टर्मिनलनी सांगितलं तसं रविवारी केलं. माझी मामेबहीण, बीकॉमला आहे, दिवाडीहून फेरीने आली, तिला बोर्ड, सेन्सर, रेझिस्टर, मुद्दाम दोन केबली (त्यातली एक नुसती चार्जिंगची) आणि सरांच्या वहीवरून टाइप केलेलं नवीन ट्युटोरियल दिलं. मी मागे स्टुलावर. तोंड बंद ठेवणं खरोखरच कठीण आहे, दोनदा दात आवळून बसलो.

रेझिस्टरची पायरी तिने न विचारता केली. ते बघून जे वाटलं ते इथे लिहून सांगता येणार नाही. केबलीला पण अडली नाही, कारण आता पहिल्याच पायरीत आहे की लॅपटॉपने बोर्ड ओळखला का ते बघा, नसेल तर आधी केबल बदला. अडली ती अशा ठिकाणी जे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. लिहिलं होतं "सेटिंग फाइल उघडा". तिने डबल क्लिक केलं, वर्ड उघडलं, आणि वर्डने सरळ अवतरणचिन्हांची वाकडी केली. सेव्ह केलं, प्रोग्रॅम चालेना. एररमध्ये ओळ नंबर होता पण ओळ बघितली तर तिला आणि मला दोघांनाही बरोबरच दिसत होती. वीस मिनिटं गेली. आता त्या पायरीत लिहिलंय की नोटपॅडमध्येच उघडा, आणि वायफायचं नाव आणि पासवर्ड फाइलमध्ये न लिहिता मोबाइलवरून देता येईल का त्याच्यावर आमचा सावंतवाडीचा मित्र बसलाय, कारण ही पायरी समजावण्यापेक्षा काढूनच टाकलेली बरी.

बाकी काय झालं ते सांगतो. ३८ ची २१ पानं झाली. आवाजाच्या वेगाचं पान वेगळं आहे आणि ते अजून मला आवडतं. फोटो सगळे लहान केले, जोडणीचं पान पूर्वी ५० एमबीच्या वर जायचं, आता एकाही फोटोचं वजन १०० केबीच्या वर नाही, आणि प्रत्येक फोटोखाली तेच शब्दांत लिहिलंय, फोटो आला नाही तरी जोडता आलं पाहिजे म्हणून. रंग काढले, पट्टीवरची अक्षरं घातली. जुन्या सतरा पत्त्यांची रिडायरेक्टची यादी केली, विकीवर प्रत्येक पानाला ओळ टाकली. डॉक्युसॉरसवाला मित्र पहिल्यांदा नाराज होता, पण रविवारी तो पण येऊन बसला होता, आता तोच छापायच्या आवृत्तीवर काम करतोय, दोन कागद पाठपोट.

वासा किती उंच ठोकायचा त्याचं वेगळं पान केलंय. त्यात सरांच्या मुलांचं वाक्य जसंच्या तसं घेतलंय, फक्त 'दीड वीत' च्या पुढे सेंटीमीटर घातले. पौर्णिमा-अमावास्येला दाराच्या लाकडावर ओली रेषा कुठपर्यंत येते तिथून मोजायचं असं लिहिलंय. सर, एक शंका आहे, पावसाळ्यात नदीला वरून पाणी येतं तेव्हा ती रेषा अजून वर जात असणार ना? तुमच्या मानशीवर किती वर जाते ते मुलांकडून खडूने खूण करून घेता येईल का, म्हणजे आकडा अंदाजाने न लिहिता बघून लिहितो.

शब्दखूण ताई, मराठी पान तुम्हाला टॅग केलंय. 'जलनियंत्रण द्वार' गेलं.

बांधावरून

जाते, चांगली हातभर. खडू पावसात राहत नाही, मुलं खिळा मारतील. परवा उधाण आहे, तेव्हा पहिला मारून फोटो टाकतो.